झगा, घंटी आणि ताई

वसईत आमच्या निर्मळ-गासच्या पट्ट्यात मुलाने पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला, की पाहुणेमंडळी विचारायची, ‘आता वेदीवर कधी?’ आमच्या घरी हे विचारायची गरजच नव्हती. आजोबा वेदीसेवक, बाबा वेदीसेवक, काकाही तेच. आम्ही चुलत भावंडं एकाच छपराखाली वाढलो आणि झगा थोरल्याच्या अंगावरून धाकट्याच्या अंगावर येत राहिला. उंची वाढली की आई खालची दुमड उसवायची. झगा पुढच्याकडे गेला की पुन्हा घालायची.

बाबांचा काळ लॅटिनचा. फादर वेदीकडे तोंड करून मिस्सा अर्पण करायचे आणि खाली गुडघ्यावर बसलेल्या पोराने लोकांच्या वतीने उत्तरं द्यायची. ‘कन्फितेओर’चा अर्थ कुणाला ठाऊक? पण एक अक्षर चुकायचं नाही. जाडजूड मिस्साग्रंथ लाकडी बैठकीसकट वेदीच्या उजवीकडून डावीकडे न्यायचा आणि वाटेत मधोमध गुडघा टेकायचा. दहा वर्षांच्या पोराला ती कसरतच. त्यात ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पाण्याचा घोटही वर्ज्य. पुढे १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद भरली, मिस्सा मराठीत आली, फादर लोकांकडे वळले आणि उपवास तासाभरावर आला. बाबांना जरा चुकल्यासारखं झालं. आजी मात्र म्हणाली, ‘बरं झालं. आता काय चाललंय ते कळतं तरी.’

आम्ही या मराठी मिस्सेचे वेदीसेवक. पहाटे उठायचं जिवावर यायचं, पण तक्रार कुणापुढे करणार? लाल लुगड्यातल्या काकू-मावश्या भाजीच्या, फुलांच्या टोपल्या घेऊन दादरच्या बाजाराला आमच्याही आधी घर सोडायच्या. वाड्यांमधून चालत चर्च गाठायचं, घाईघाईत झगा चढवायचा आणि मेणबत्त्या पेटवायच्या.

कामाची बढती ठरलेली. नवख्याच्या हाती मेणबत्ती. मग पाणी आणि द्राक्षारसाच्या कुप्या, मग घंटी. धूपदाणी मात्र मोठ्या मुलांचीच मिरास. निखारे फुलते ठेवायला ती चर्चच्या मागच्या अंगणात झुलवत राहावी लागे. झोका कमी पडला तर निखारा विझायचा, जास्त झाला तर ठिणगी झग्यावर. फादरांनी चमचाभर धूप टाकला की भस्सकन धूर उठे, आणि मिस्सेनंतर घरी आलं तरी केसांना तोच वास.

घंटीचं महत्त्व कळायचं ते पवित्र सप्ताहात. गुरुवारी संध्याकाळी गौरवगीताला ती मनसोक्त वाजवायची, की ईस्टरच्या रात्रीपर्यंत मुकी. मधल्या काळात लाकडी खटखटा. तो हातात यावा म्हणून भावंडांत भांडणं व्हायची आणि निवाडा आजीकडे जायचा.

या सगळ्यात ताई कुठे होती? घरातच. आमच्या झग्यावरच्या पांढऱ्या सदऱ्याला तीच इस्त्री करायची. ओसरीवर पाट मांडून, पेल्यात पाणी ओतून आमची तालीम घ्यायची. ‘घंटी आता नाही, फादरांनी भाकर वर उचलल्यावर,’ असं दटावायची. कोणत्या रविवारी हिरवा पोशाख, कोणत्या सणाला लाल, हे तिला आमच्याहून पक्कं ठाऊक. पण वेदीवर मुलींना जागा नव्हती, आणि त्याबद्दल आमच्यापैकी कुणी चकार शब्द काढला नाही. १९९४ साली व्हॅटिकनने मुलींच्या सेवेला मोकळीक दिली आणि निर्णय त्या त्या बिशपांवर सोपवला. तोवर ताईची मुलं शाळेत जात होती.

आज तिची नात धूपदाणी झुलवते. तिला कोण शिकवतं, ते सांगायला नको. आमच्या घरातला सर्वांत पक्का वेदीसेवक ताईच, हे आम्ही भाऊ आता एकमुखाने कबूल करतो. तुमच्या घरातली एखादी मुलगी भावाचा झगा नुसताच इस्त्री करत असेल, तर येत्या रविवारी तिला घेऊन फादरांना भेटा.