अण्णांचे थांबणे

उदगीरच्या किल्ल्याकडे संध्याकाळी फिरायला जाताना अण्णांची एक लकब आम्हांला फार आवडत असे. आम्ही एखाद्या पुस्तकाविषयी विचारले की ते चालता चालता थांबत, उत्तर पूर्ण करीत आणि मगच पुढचे पाऊल टाकीत. तीस वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाचा हा चिंतनशील विराम, असा अर्थ आम्ही (साहित्याच्या विद्यार्थ्याला शोभेल अशा उत्साहाने) लावला होता.

वाचन चुकले होते. एके सकाळी बाहेरून कोणी हाक मारली आणि ओ देत देत उंबरठा ओलांडताना अण्णा पडले. मनगटावर निभावले, एवढेच. पुढे 'लॅन्सेट'मधील १९९७ सालचे एक लहानसे स्वीडिश टिपण वाचनात आले. वृद्धनिवासातील ५८ जणांशी चालताना संभाषण सुरू केले, तेव्हा १२ जण बोलण्यासाठी थांबले. त्यांपैकी १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. उतारवयात चालणे आपोआप होत नाही. त्यालाही अवधान लागते. बोलण्याने ते पळवले की पाय पोरके होतात.

म्हणून व्यायामही दोन्हींचा एकत्र हवा. फिजिओथेरपिस्टने खुर्चीतून उठणे-बसणे, सरळ रेषेत चालणे आणि चालताना शंभरपासून तीन-तीन वजा करणे असा क्रम आखून दिला. पहिल्या दोन गोष्टी अण्णांनी मुकाट्याने केल्या. वजाबाकी मात्र त्यांना अपमानास्पद वाटली. तिच्या जागी त्यांनी भुजंगप्रयात घेतले. लघूला आखूड पाऊल, गुरूला लांब. एका चरणाची बारा पावले. गंमत अशी की गण तीन अक्षरांचा आणि पाय दोन, त्यामुळे प्रत्येक गणाच्या आरंभी पाय बदलतो. भिंत हाताशी ठेवून करून पाहावे. वृत्त पाठ असणाऱ्यांचीही तारांबळ उडते. वर्गात मात्रा मोजताना हे आम्हांला कधी कळले नव्हते.

जिनिव्हात पियानोच्या बदलत्या लयीवर पावले टाकण्याचा असाच सराव ६५ वर्षांवरील लोकांकडून सहा महिने करून घेतला होता. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सराव करणाऱ्यांचे पडणे कमी झालेले आढळले. अण्णांना हे सांगितले तेव्हा त्यांनी फक्त 'पियानो' या शब्दाचे गण पाडले.

परवा वाटेत ते पुन्हा थांबले. आम्ही घाबरून हात पुढे केला.

"मी ठीक आहे रे," अण्णा म्हणाले, "तुझा लघू लांब पडला."