मुंबई ते नागपूर: हवेतून, रुळांवरून आणि इतिहासातून

मुंबई आणि नागपूर या दोन विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे ६८५ किलोमीटर आहे. विमानाला साधारण दीड तास लागतो. पण चढण, उतरण आणि धावपट्टीवरची वाटचाल वजा केली, तर पूर्ण वेगाने उडण्याचा काळ तासाभराहूनही कमी भरतो. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर असून तो दहा जिल्ह्यांतून जातो. लोहमार्ग मात्र ८३७ किलोमीटरचा. कसारा घाट चढून तो मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असा वळसा घेतो आणि प्रवासात बहुधा रात्र सरते. १८६७मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला मुंबई बंदराची वाट मोकळी झाली.

नागपूर मुंबईच्या सहा अंशांहून थोडे अधिक पूर्वेला आहे. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण सूर्य नागपुरात सरासरी पंचवीस मिनिटे आधी उगवतो.

विमान नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरते. १९४९मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री याच शहरात एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने आपापल्या शहरांकडे परतत. देशाच्या मधोमध असण्याचा असा रोकडा उपयोग दुसऱ्या कोणत्या शहराला क्वचितच झाला असेल.

गावात सीताबर्डीजवळ झिरो माइलचा दगडी स्तंभ आणि चार घोडे आहेत. शेजारच्या षट्कोनी दगडावर मैलांत अंतरे कोरली आहेत: हैदराबाद ३१८, जबलपूर १७०, शिवनी ७९. मुंबईचे नाव त्यात नाही. हा दगड १९०७चा. तेव्हा नागपूर मध्य प्रांताची राजधानी होते आणि त्याचा कारभार मुंबईच्या कक्षेबाहेर होता.

शहराचा पाया १७०२च्या सुमारास गोंड राजा बख्त बुलंद शाहने घातला. पुढे रघुजी भोसल्यांनी येथे मराठी सत्ता उभी केली. नोव्हेंबर १८१७मध्ये सीताबर्डीच्या टेकड्यांवर इंग्रजांनी भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. १८५३मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षी गव्हर्नर-जनरल डलहौसीने राज्य खालसा केले. १८६१मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला व नागपूर त्याची राजधानी बनले.

राज्यपुनर्रचनेत १९५६ साली विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि नागपूरचे राजधानीपद गेले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे धम्मदीक्षा घेतली. ती जागा आज दीक्षाभूमी म्हणून ओळखली जाते आणि विमानतळालाही त्यांचेच नाव आहे. १९५३च्या नागपूर करारात विधिमंडळाचे वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घेण्याची तरतूद आहे. त्यानुसार दर हिवाळ्यात राज्याचा कारभार काही दिवसांसाठी मुंबईहून नागपूरला हलतो.