माझी तांबडी आणि तिची अंघोळ

आमचे गाव हिंजवडी. आमच्या घरी चार कोंबड्या व एक कोंबडा आहे. त्यांतली तांबडी माझी आहे. मी शाळेतून आले की ती धावत येते आणि माझ्या हातातले दाणे टिपते.

दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला आईने आम्हाला पहाटे उठवले. तेल, उटणे लावून आमच्या अंघोळी झाल्या. मला वाटले, वसुबारसेला गाईची पूजा झाली, मग माझ्या तांबडीनेच काय पाप केले? ती फार मळली होती व सारखी अंग खाजवायची. मी तिला खुराड्यातून काढले, साबण लावला आणि डोक्यावरून दोन तांबे पाणी ओतले. बाहेर फार थंडी होती. थोड्या वेळाने ती थरथर कापू लागली आणि तिने मान टाकली. मी मोठ्याने रडू लागले.

आजी धावत आली. म्हणाली, "अगं येडे, कोंबडीला कुणी न्हाऊ घालतं का?" तिने तांबडीला फडक्याने कोरडे पुसले, गोणपाटात गुंडाळले आणि चुलीपासून हातभर लांब घेऊन बसली. मला फराळ गोड लागला नाही. दुपारी तांबडी उठून उभी राहिली, तेव्हा मी पहिली करंजी खाल्ली.

मग आजीने मला समजावले. कोंबडीच्या शेपटीजवळ तेलाची एक गाठ असते. ते तेल ती चोचीने पिसांना लावते. साबणाने ते निघून जाते, मग पाणी थेट कातडीपर्यंत जाते. कोंबडीची अंघोळ म्हणजे माती. ती कोरड्या मातीत खळगा करते, लोळते आणि पंख झाडते. त्यामुळे पिसांतल्या उवा व पिसवा कमी होतात.

आजीने तांबडीची पिसे वर करून दाखवली. आत उवा होत्या! मी विचारले, "मग ही मातीत का लोळली नाही?" आजी म्हणाली, "माती ठेवली कुठं तुम्ही?"

ते खरेच होते. पूर्वी आमच्या दारापुढे मातीचे अंगण होते. आता गावाशेजारी आयटी पार्क आहे. आमच्या खोल्यांत भाडेकरू राहतात. त्यांच्या गाड्या लावायला बाबांनी दसऱ्याच्या आधी सगळे अंगण सिमेंटचे केले होते.

मी बाबांना म्हटले, "मला फटाके नकोत, तांबडीला माती आणा." बाबा आधी हसले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी शेताच्या बांधावरून दोन पाट्या माती आणली. एक जुना टायर पत्र्याखाली ठेवून त्यात ती भरली. आजीने चुलीची गार राख चाळून त्यात मिसळली. तांबडी लगेच आत शिरली आणि डोळे मिटून लोळली. बाकीच्या कोंबड्या रांगेत उभ्या होत्या!

मित्रांनो, कोंबडीला साबण लावू नका. मागची पिसे घाण झाली तर तेवढीच कोमट पाण्याने, उन्हाच्या वेळी धुवा. डोके भिजवू नका आणि लगेच कोरडे करा. नंतर आपले हात साबणाने धुवा. कोंबडी मलूल दिसली तर गुरांच्या डॉक्टरांना दाखवा.

आता आमच्या अंगणात टायरएवढीच माती आहे. पण तांबडीला ती पुरते.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी