जाग आणि भान

९ जुलै
मागीलदारच्या शेवाळलेल्या जांभ्यावरून आई घसरली, त्याला आज तीन आठवडे झाले. सकाळी तिने डोळे उघडले. दादाने आनंदाने मुंबईपर्यंत फोन लावले. डॉक्टर मात्र जपून बोलले, "जाग आलीय. भान आलंय का, ते बघायला हवं." इतकी वर्षं मुलांना प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ शिकवते आहे, हा फरक कधी फळ्यावर लिहिला नाही.

१० जुलै
रात्रभर पाऊस. तिच्या उशाशी वाचत बसले. जागं ठेवणारी यंत्रणा मस्तिष्कस्तंभात असते, हे मोरुझी आणि मॅगून यांनी १९४९ साली दाखवलं. भानासाठी मेंदूच्या गाभ्यातला थॅलॅमस आणि वरची साल यांच्यात सतत देवाणघेवाण चालू राहावी लागते. नुसत्या पेशींची संख्या कामाची नाही. सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज एकट्या अनुमस्तिष्कात असतात, आणि तो भाग जन्मतः नसलेली माणसंही शुद्धीत जगतात. पण त्या देवाणघेवाणीतून 'मला दुखतंय' हे कसं उगवतं, ते अजून कुणालाच उलगडलेलं नाही.

१२ जुलै
शेजारच्या काकू म्हणाल्या, "तिला काय कळतंय गो आता?" मला मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका आठवल्या. भान हरपून पडलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना त्यांनी १९७३ पासून २०१५ पर्यंत आपलं माणूस म्हणून सांभाळलं.

केंब्रिजमध्ये २००६ साली अशाच निश्चल पडलेल्या एका तरुणीला सांगितलं, टेनिस खेळताय अशी कल्पना करा. स्कॅनमध्ये धडधाकट माणसासारखाच तिच्या मेंदूचा हालचाल आखणारा भाग उजळला. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आजपासून आईसमोर तिच्याविषयी 'ती' म्हणून बोलायचं नाही, असं दादाला बजावलं.

१५ जुलै
डॉक्टरांनी आरसा आणायला सांगितला. एरवी कशामागेही न फिरणारी नजर कधीकधी स्वतःच्या चेहऱ्यामागे जाते म्हणे. घरून तिच्या फणेरपेटीतला आरसा नेला, कडांनी काळवंडलेला. आधी पेन फिरवलं; नजर छताला. मग आरसा हळूहळू उजवीकडे नेला. बुबुळं थबकली, अडखळत मागे आली. डावीकडे नेला, तिकडेही आली. तिसऱ्यांदा नाही. डॉक्टरांनी तिन्ही वेळा कागदावर लिहून घेतल्या.

आरसा पदराने पुसून उशीजवळ ठेवलाय. उद्या आधी तिचे केस विंचरायचे, मगच दाखवायचा.