डेक्कनवरून अँटवर्पला

पुणे

चि. सोनूस,


तुझ्या क्लबचे निकाल मिळाले. पानभर डच नावं आणि मध्येच आपलं आडनाव, बघून बरं वाटलं. त्याखाली तू विचारलंयस की अँटवर्पच्या किएल भागातल्या जुन्या ऑलिम्पिक स्टेडियमवर १९२० साली हिंदुस्थानची माणसं धावली होती हे खरं का, आणि त्यात पुण्याचा काय संबंध.

अगदी खरं आहे. आणि संबंध असा, की तो संघ निघाला तोच मुळी पुण्यातल्या एका क्लबच्या वार्षिक क्रीडास्पर्धेतून.

डेक्कन म्हटलं की तुला गुडलकचा बनमस्का आणि पार्किंगची मारामारी आठवणार. पण तो क्लब म्हणजेच डेक्कन जिमखाना; ही आधी संस्था, आणि तिच्यावरून वस्तीला नाव पडलं. बाळकृष्ण नारायण भाजेकरांनी १९०६च्या ऑक्टोबरात ती काढली. अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा, जमशेटजींचे थोरले चिरंजीव. हा माणूस केंब्रिजला शिकताना तिकडचे बहुतेक सगळे मैदानी खेळ खेळून आलेला. मुंबईला परतल्यावर शाळाशाळांची क्रीडा संघटना उभी करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. आधी क्रिकेट, मग धावण्या-उड्यांच्या स्पर्धा. गिरण्या, पोलाद, वीज हे सगळं सांभाळून हे उद्योग, म्हणजे हौस किती असेल बघ.

तर १९१९ साली ते जिमखान्याच्या स्पर्धांना अध्यक्ष म्हणून आले आणि तिथे जे पाहिलं ते त्यांनी दहा वर्षांनी एका पत्रात लिहून ठेवलं. पत्र कोणाला, तर आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांना. हा काउंट तुझ्या अँटवर्पचाच, आणि १९२०च्या ऑलिम्पिकची तयारी त्याच्याच देखरेखीखाली झालेली. आपल्याला ही हकीकत ठाऊक आहे ती मुख्यतः त्या पत्रामुळे.

त्यात एक तपशील असा आहे की मी वाचला तेव्हा मोठ्याने हसले. जिमखान्याची मंडळी शंभर यार्डांची शर्यत वळणावर घेणार होती, आणि तीही धावकांमध्ये दोऱ्या न लावता! मैदान लहान, रूळ न फिरवलेलं, गवताचं खडबडीत. सरळ शंभर यार्ड जागाच नव्हती. तुला यातली गंमत लगेच कळेल. आजच्या लेनच्या रुंदीने अर्धवर्तुळाला एका लेनमागे पावणेचार मीटरच्या वर फरक पडतो. सगळे एका रेषेवरून सोडले तर बाहेरचा पोरगा हरूनच धावायला लागतो. आणि त्या काळी गवतावर लेन आखायच्या म्हणजे दोऱ्या ताणायच्या. त्या नसल्या की सगळे आतल्या बाजूला घुसणार आणि कोपरांची लढाई. टाटा म्हणतात, लोकांच्या लेखी धावणं म्हणजे धावणं, त्याला नियम कसले? मी शाळेत पी.टी. शिकवत असताना तालुका स्पर्धांच्या आदल्या संध्याकाळी फक्कीची पिशवी घेऊन लेन मारायला लागले, की शिपाईमामा हेच म्हणायचे. फक्त ते सर नव्हते.

आणखी एक गोष्ट सांगतात. टाटांनी कमिटीतल्या कोणाला तरी विचारलं, ऑलिम्पिकला जायचं तर शंभर मीटर किती वेळात धावायला हवं? उत्तर मिनिटांत आलं. टाटांना सांगावं लागलं की बाबा रे, इथे मिनिटं मोजत नाहीत, सेकंद आणि त्याचेही भाग मोजतात. गोष्ट थोडी पिकवलेली असेल. पण त्या कमिटीला मी हसणार नाही, कारण पुढचं काम त्यांनीच केलं.

स्पर्धेचं खरं आकर्षण होतं लांब पल्ल्याची शर्यत, सुमारे पंचवीस मैलांची. धावणारे बहुतेक शेतात राबणारे, खाणं जेमतेम, सरावाचं शास्त्र वगैरे नावाला नाही. खडीच्या टणक रस्त्यावर अनवाणी धावायचे. आणि टाटांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्यातल्या काहींच्या वेळा ऑलिम्पिकमधल्या वेळांच्या जवळपास होत्या.

इथे माझ्यातली टाइमकीपर जागी होते. ‘सुमारे’ पंचवीस मैल! मैलभर इकडेतिकडे झालं तर सहा-सात मिनिटांचा हिशेब बदलतो. आम्हाला शिकवलं होतं की पहिल्या नंबरावर तीन घड्याळं लावायची; दोन जुळली तर ती वेळ, तिन्ही वेगळी आली तर मधली. इशारा ऐकून बटण दाबायचं नाही, पिस्तुलाचा धूर दिसला की दाबायचं, कारण आवाज उशिरा पोचतो. एवढं करूनही भांडणं व्हायचीच. तेव्हा १९१९च्या त्या आकड्यांवर मी पैज लावणार नाही. अर्थात मॅरेथॉनचं आजचं ४२.१९५ किलोमीटर हे अंतरही तेव्हा पक्कं ठरलेलं नव्हतं, ते ठरलं १९२१ साली. म्हणजे ‘सुमारे’चा दोष पुण्याच्या एकट्याच्या माथी नको.

टाटांचा विचार साधा होता: तीन धावक आपल्या खर्चाने अँटवर्पला पाठवू, तिकडे चांगलं खाणं आणि शिक्षक मिळाले तर नाव काढतील. पण पुण्यातल्या राष्ट्रीय बाण्याच्या मंडळींना तीन माणसांनी समाधान कुठलं? त्यांना अख्खा संघच हवा झाला. मला हे फार पुणेरी वाटतं. मैदानावर सरळ शंभर यार्ड सापडत नाहीत, पण संघ मात्र पूर्ण पाहिजे. टाटांनी मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्याकरवी हिंदुस्थानला प्रवेश मिळवला आणि सहा जण बोटीने निघाले. धावपटू चार: बंगालचे पूर्मा बॅनर्जी, बेळगावचे फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी. पैलवान दोन: कुमार नवले आणि रणधीर शिंदे. नावं वाचलीस की कळेल, बॅनर्जी सोडले तर सगळा मुंबई इलाख्याचा मामला होता. देशाचा पहिला संघ म्हणून आपण छाती फुगवतो, आणि फुगवावीच, पण देशभर चाचण्या घेऊन निवडलेला संघ तो नव्हे. एका क्लबच्या मैदानाभोवती जी माणसं जमली ती गेली.

अँटवर्पचं ते ऑलिम्पिक पहिल्या महायुद्धानंतरचं पहिलं. बेल्जियम तेव्हा युद्धाने पोळलेलं. पाच वर्तुळांचा ध्वज ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा फडकला तो तिथे, खेळाडूंची शपथही तिथलीच. उद्घाटनाला आपलं निशाण बॅनर्जींच्या हातात होतं. शंभर आणि चारशे मीटरमध्ये ते पहिल्याच फेरीत बाद झाले, त्यावर जास्त सांगण्यासारखं नाही.

मॅरेथॉनबद्दल मात्र आहे. अंतर होतं ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या मॅरेथॉनपेक्षा साडेपाचशे मीटर जास्त. ऑलिम्पिकमध्ये इतकी लांब मॅरेथॉन दुसरी झालेली नाही. फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन जिंकला, २ तास ३२ मिनिटं ३५.८ सेकंदांत. एस्टोनियाचा लोसमान त्याच्या मागे तेरा सेकंदही नव्हता. आणि आपले चौगुले एकोणिसावे, २ तास ५० मिनिटं ४५.४ सेकंद.

लोक म्हणतात, एकोणिसावा म्हणजे काय सांगण्यासारखं? भागाकार करून बघ. दर किलोमीटरला चार मिनिटं, त्याहूनही केसभर कमी, आणि असे सलग ४२.७५ किलोमीटर. तूच लिहिलं होतंस की चारच्या आत एक किलोमीटर पळलं की दम तोंडात येतो. आजच्या अंतरावर तो वेग २ तास ४८ मिनिटांच्या आसपास जातो. त्यांच्यामागे ना डाएट चार्ट, ना हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ. पुण्यातल्या त्या ‘सुमारे’चा निकाल अँटवर्पने लावून दिला असं मी मानते. अंतर मोजलेलं, घड्याळं तिऱ्हाईतांची, आणि बेळगावचा माणूस एकोणिसावा. विजेत्याहून अठरा मिनिटं मागे, हेही लपवायचं कारण नाही. ऑलिम्पिक मॅरेथॉनमध्ये आपल्या पुरुषांची त्याहून कितीतरी वरची जागा आली ती १९७६ला माँट्रियलमध्ये: शिवनाथ सिंग, अकरावे. तेही अनवाणी धावण्यासाठी ओळखले जायचे, बघ.

जिमखान्याच्या कमिटीच्या त्या मिनिटांच्या गोष्टीवरून मला हटकून अविनाश साबळे आठवतो. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातलं मांडवा त्याचं गाव. शाळा सहा किलोमीटर, तो चालत-पळत जायचा. पुढे सैन्यात गेला, सियाचीनलाही राहून आला, आणि मग धावायला लागला. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत बर्मिंगहॅमला तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्याची वेळ ८ मिनिटं ११.२० सेकंद. केनियाच्या किबिवोटची ८:११.१५. सुवर्ण आणि रौप्य यांत पाच शतांश सेकंद! असला फरक डोळ्यांना दिसत नाही, फोटो फिनिशलाच दिसतो. पुढे २०२३ला हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण घेतलं आणि २०२४ला पॅरिसमध्ये ऑलिम्पिक अंतिम फेरीत धावला. मांडव्यासारख्या गावात पळणारी पोरं १९१९लाही होतीच, त्यात नवीन काही नाही. त्यांना मोजून देणारं कोणी नव्हतं. जिमखान्याच्या त्या वेंधळ्या कमिटीचं मोठेपण मला यात वाटतं. वळणावर का होईना, त्यांनी शर्यत लावली, घड्याळ लावलं आणि आकडे लिहून ठेवले. म्हणून टाटांच्या हाती दाखवायला काहीतरी होतं.

पुढे टाटा आंतरराष्ट्रीय समितीचे सदस्य झाले आणि १९२७ साली भारतीय ऑलिम्पिक संघटना निघाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष. त्यांचं नाव इमारतींवर आहे, काळजी नाही. माझी तक्रार दुसरीच आहे. अँटवर्पला आपल्या संघातला सर्वांत चांगला निकाल कुणाचा, असं मी शाळेतल्या प्रश्नमंजूषेत विचारायचे आणि एकही हात वर यायचा नाही. तो चौगुल्यांचा नव्हे. रणधीर शिंदे फ्रीस्टाइलच्या फेदरवेट गटात चौथे आले होते. कांस्यपदकाच्या लढतीत ब्रिटिश पैलवानाकडून हरले. म्हणजे ती एक कुस्ती जिंकली असती, तर गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकीत आणलेलं कांस्य आपल्या कुस्तीचं दुसरं ऑलिम्पिक पदक ठरलं असतं. बत्तीस वर्षं वाट बघावी लागली नसती.

आता तुझ्या रविवारचं काम. किएलच्या स्टेडियमवर गेलीस तर धावपट्टी शोधत बसू नकोस, तिथे आता बेरशॉट क्लबचा फुटबॉल चालतो. मात्र शिंद्यांच्या कुस्त्या तिथे झाल्याच नाहीत. कुस्ती आणि बॉक्सिंग ठेवलं होतं तुमच्या सेंट्रल स्टेशनाला लागून असलेल्या प्राणिसंग्रहालयात. तू रोज ट्राम बदलतेस ते तिथेच ना? तिकीट काढून आत जा आणि विचार, १९२०चा हॉल कुठला. उत्तर मिळालं तर फोटो काढून पाठव, आणि हत्तींचे नकोत, हॉलचे.

तुझी,
आत्या