मडगार्ड

आमच्या घरात दोन सायकली आहेत. एक दिवाणखान्यात, टीव्हीशेजारच्या भिंतीवर हुकाला टांगलेली. दुसरी खाली पार्किंगमध्ये, पाण्याच्या पंपाच्या खोलीला टेकवलेली. वरची नवऱ्याची, खालची माझी. वरचीचं वजन साडेआठ किलो आहे. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती दोन बोटांवर उचलून दाखवली जाते, त्यामुळे हा आकडा मला पाठ झालाय. माझीचं वजन कोणी केलेलं नाही. गॅसच्या रिकाम्या सिलिंडरच्या आसपास असावं.

नवरा सायकलिंग करतो. मी सायकलवर जाते. या दोन वाक्यांतला फरक कळायला मला दोन पावसाळे लागले.

माझी सायकल खरं तर लेकीची. लेडीबर्ड. पुढे जाळीची टोपली, मागे कॅरियर, साखळीवर पूर्ण झाकण आणि दोन्ही चाकांना लांबलचक मडगार्ड. लेक नोकरीला बंगलोरला गेली आणि सायकल धूळ खात पडली. 2018 साली मेट्रोच्या कामाने कर्वे रस्ता निम्मा उरला होता. डहाणूकर कॉलनीतून नारायण पेठेतल्या आमच्या बँकेत जायचं म्हणजे जेमतेम सहा किलोमीटर, पण स्कूटरवर नळ स्टॉपला एकदा अडकलं की दोन सिग्नल सुटेपर्यंत समोरच्या बसच्या मागची जाहिरात तोंडपाठ व्हायची. एक दिवस एक पोऱ्या सायकलवरून कडेकडेने माझ्या पुढे निघून गेला. टोपलीत पावाची लादी, वर वर्तमानपत्र झाकलेलं. त्या संध्याकाळी मी लेडीबर्डच्या ट्यूब बदलून आणल्या.

शाळेत असताना हुजूरपागेत सायकलनेच जात होते, त्यामुळे पाय विसरले नव्हते. विसरलं होतं ते डोकं. स्कूटरवर वीस वर्षं काढल्यावर मला पत्ताच नव्हता की डेक्कनपासून कोथरूडपर्यंत रस्ता सतत चढतो. तो चढ गाडीवाल्याला दिसत नाही. मे महिन्यात संध्याकाळी साडेपाचला, दिवसभर तापलेलं डांबर खालून वाफ सोडत असताना, पौड फाट्याच्या पुढे तो चढ जो काही लागतो, त्याच्यापुढे पाऊस म्हणजे लाड आहेत. सगळे मला पावसाचं विचारतात. उन्हाचं कोणी विचारत नाही.

नवऱ्याची गोष्ट निराळी. त्याचा हंगाम दसऱ्यानंतर उघडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटे पाचला स्वयंपाकघरात खुडबुड सुरू होते: केळं, खजूर, पाण्याच्या दोन बाटल्या, मग घट्ट कपडे आणि टकटक वाजणारे बूट. रविवारी सिंहगडाचा पायथा, कधी मुळशी, कधी भिगवण. परत आल्यावर पोहे खाताना चढाची टक्केवारी, हृदयाचे ठोके आणि पायडल मिनिटाला किती वेळा फिरलं याचा हिशेब. मार्चपासून उत्साह उतरतो. शेवटची ठिणगी 3 जूनला. 2018 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तो जागतिक सायकल दिन म्हणून जाहीर केला. त्या दिवशी हे सगळे एकसारखे टीशर्ट घालून फेरी काढतात. आठवडाभरात पुण्यात पाऊस येतो आणि सायकल हुकावर चढते. हा दिवस ठरवणाऱ्यांनी आमचा मॉन्सून विचारात घेतलेला दिसत नाही.

त्याची बाजूही सांगायला हवी, कारण माझ्या माहेरच्या माणसांना मी ती कधी सांगत नाही. तो भित्रा नाही. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे त्याने तीनदा पुरी केली आहे. साडेतेरा तासांच्या आत गाठायचं, वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्के घ्यायचे, असा तो प्रकार. त्यातल्या एका खेपेला भर ऑक्टोबरात चार तास मुसळधार पावसात तो चालवत होता आणि घरी आला तेव्हा बोटांना शिवण फुटल्यासारख्या सुरकुत्या होत्या. पण हाच माणूस कोपऱ्यावर दूध आणायला स्कूटर काढतो. मी म्हटलं, "अरे, दोनशे किलोमीटर जातोस, दोनशे पावलं नाही जाववत?" तर म्हणाला, "अगं, ते वेगळं." वेगळंच आहे. त्या सायकलीला स्टँड नाही, कॅरियर नाही, कुलूप लावून दुकानाबाहेर ठेवायची छाती नाही. दुधाची पिशवी दातात धरून आणावी लागेल.

पहिल्या जूनमध्ये मीही सायकल बंद करणारच होते. "पावसाळ्यापुरती" असं बँकेत सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. पण बँकेच्या इमारतीत सायकलीला जागाही नव्हती. "दुचाकी पार्किंग" अशी पाटी होती, पण सायकल ही दुचाकी नव्हे असं तिथल्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं मत होतं. तेव्हा बँकेच्या रखवालदार मामांनी मला जनरेटरमागची बोळ दाखवली. वर पत्रा, खाली कोरडं, आणि तिथे आधीच एक काळी, दांड्याची, जुनी सायकल उभी. मामांची. वारज्याहून ते तिच्यावर येत होते, मी बँकेत लागले त्याच्याही आधीपासून.

"मामा, पावसाळ्यात काय करता?"

"काय करता म्हणजे?"

"सायकल बंद नाही करत?"

"बंद करून?" एवढंच म्हणाले आणि शटरचं कुलूप काढायला गेले.

मी बंद केली नाही. मामांनी मग एकेक गोष्टी शिकवल्या, त्याही शिकवायच्या म्हणून नव्हे. सीटवर प्लास्टिकची पिशवी चढवायची, पण गाठ खालून मारायची, म्हणजे पाणी साचत नाही. पावसात बूट घालायचे नाहीत, रबरी सँडल घालायच्या. रेनकोटचा उपयोग नाही, आतून घामाने तेवढंच भिजायला होतं. मामा डोक्यावरून खताच्या पिशवीची खोळ घेत, शेतकरी इरलं घेतात तशी. मी त्याऐवजी एक पाँचो आणला. तो हँडलवर पसरला की पाय आणि टोपली दोन्ही कोरडी राहतात. फक्त पुलावर वारा शिरला की त्याचं शीड होतं. कोरडा पंजाबी ड्रेस मी बँकेतच ठेवला. बँकेत लॉकर पुष्कळ, पण माझे कपडे स्टेशनरीच्या कपाटात, व्हाउचरच्या गठ्ठ्यांवर.

बाकीचं रस्त्यानेच शिकवलं. पहिल्या पावसात डांबरावरचं तेल वर येतं, त्या दिवशी ब्रेक लावायचा तो आधीपासून आणि हळू. पांढरे पट्टे ओले असले की साबण. चेंबरच्या लोखंडी झाकणावर हँडल वळवायचं नाही. साचलेल्या पाण्यातून जायचं तर आदल्या दिवशी तिथे खड्डा कुठे होता ते आठवायचं, आणि आठवत नसेल तर उतरून चालायचं. हे सगळं नीट पाळून मी पडले ती जांभळांवर. एरंडवण्यातल्या एका गल्लीत जांभळाचं मोठं झाड आहे, जूनमध्ये खाली जांभळा चिखल होतो. पुढचं चाक सरकलं, मी आडवी. लागलं फार नाही, पण पांढरी ओढणी अशी रंगली की बँकेत तीन ग्राहकांनी विचारलं, "मॅडम, रंगपंचमी?"

भिडे पुलाचं एक वेगळंच पंचांग असतं. तो नदीपात्रालगत बसका बांधलेला; खडकवासल्यातून पाणी सोडलं की पहिला बुडतो. म्हणून पावसाळ्यात सकाळी मी आभाळ बघत नाही, विसर्गाचा आकडा बघते. क्युसेक पाच आकडी झाले की भिडे पुलाचा नाद सोडायचा आणि झेड ब्रिजने जायचं. 25 जुलै 2024 ला मात्र कुठल्याच पुलाने गेले नाही. सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं होतं, शाळांना सुट्टी दिली होती, लेडीबर्ड पंपाच्या खोलीजवळच राहिली. मामा आदल्या रात्रीच्या ड्यूटीवरच अडकले होते. दुसऱ्या दिवशी कळलं की त्यांनी दिवसभर एटीएमच्या दारात वाळूची पोती रचली.

त्या एका दिवसाचं सोडलं तर पाऊस लोकांना वाटतो तेवढा आडवा येत नाही, हे माझं मत कालनिर्णयवर आधारलेलं आहे. स्वयंपाकघरातल्या त्या कालनिर्णयवर दुधाचा खाडा, सिलिंडर कधी लावला आणि कामवाल्या मावशींच्या दांड्या लिहिलेल्या असतात. एका वर्षी जून ते सप्टेंबर मी तिथेच छत्रीची खूण करायला लागले. येताना किंवा जाताना खरोखर भिजले तरच छत्री, रिमझिमीला नाही. चार महिन्यांत सतरा छत्र्या झाल्या. पुण्याचा पाऊस कोकणासारखा नाही. तो दुपारी येतो, रात्री येतो, आणि ऑफिसच्या वेळेला नुसता अंधारून बसतो. नवऱ्याला सतरा हा आकडा दाखवला तर तो म्हणाला, "नमुना लहान आहे."

त्याने त्याच आठवड्यात मला फिनलंडमधल्या ओउलू शहराची चित्रफीत दाखवली. 2013 मध्ये हिवाळी सायकलिंगची पहिली परिषद तिथे भरली होती. बाहेर बर्फ, आणि शाळेची पोरं रांगेने सायकलवर. "बघ, ही खरी माणसं," असं तो म्हणत होता. मी बघत होते ते पोरांच्या चाकांखालचं. बर्फ खरवडून सपाट केलेली, दिवे लागलेली, रुंद वाट. तशी वाट मिळाली तर आमच्या सोसायटीतले आजोबासुद्धा जानेवारीत ओउलूला भाजी आणायला जातील. आमच्या वाटणीच्या सायकल ट्रॅकवर विजेची डीपी, भुट्टेवाला आणि दोन रिक्षा असतात. ऊन असो, पाऊस असो, ते मात्र बाराही महिने येतात.

दसऱ्याच्या आधी सायकल मिस्त्रीकडे जाते. त्याच्या भाषेत ओव्हरऑइलिंग. गेल्या वर्षी मी शेजारच्या स्टुलावर बसून बघत होते. त्याने मागचं चाक उघडलं, पाना फिरवला, कोन काढला आणि हब थाळीत पालथं केलं. छर्रे खाली पडताना खळखळ वाजायला हवे होते, ते थपकन पडले. चार महिन्यांच्या पाण्याने ग्रीसचा गाळ झाला होता, चहाच्या चोथ्यासारखा, तांबूस. त्याने एक छर्रा रॉकेलमध्ये बुडवून चिंधीने पुसला, उजेडात धरला आणि नखाने दाखवला. एका बाजूला सुईच्या टोकाएवढा खड्डा. "पावसात चालवता ना मॅडम? मग हे होणार. पण साखळी बघा," म्हणत त्याने झाकण उघडलं. साखळी काळी, ओलसर, गंजाचा ठिपका नाही. "हे झाकण आणि मडगार्ड आहेत म्हणून. तुमच्या साहेबांच्या सायकलीला हे काही नाही. त्यांची एका पावसात बसेल." साहेबांना हे मी घरी जाऊन शब्दशः सांगितलं.

ऑगस्टातल्या एका रविवारी मला ताप होता. बाहेर सकाळपासून धार लागलेली. नवऱ्याच्या ग्रुपने खडकवासला रद्द करून कुणाच्या तरी घरी भजी ठरवली होती. औषध आणायला हवं होतं, स्कूटर किक मारून मारून चालू होईना, रिक्षा फोन उचलत नव्हत्या. तो दारात उभा राहून भिंतीवरच्या हुकाकडे बघत होता. मग म्हणाला, "किल्ली कुठे आहे तुझीची?"

मी गॅलरीतून पाहिलं. सहा फुटांचा माणूस, बायकी सीटवर, गुडघे हँडलला लागतायत, अंगावर माझा पिवळा पाँचो, टोपलीत माझीच कापडी पिशवी. फाटकाजवळच्या डबक्यातून सरळ गेला. तिथे डाव्या बाजूला खड्डा आहे हे सांगायला मी ओरडले, पण पावसात ऐकू गेलं नसावं. दचका बसला, डोलला आणि निघून गेला.

अर्ध्या तासाने गोळ्या, दूध आणि न सांगता आणलेली कोथिंबिरीची जुडी घेऊन परत आला. मांडीपर्यंत भिजला होता, पण पाठ फिरवून मला दाखवली. कोरडी. एक शिंतोडा नाही. त्याच्या सायकलीवर मागच्या चाकाचा चिखल कण्यावरून थेट मानेपर्यंत रेघ मारतो.

"अगं, हे मडगार्ड भारी आहेत," तो म्हणाला, जणू ते त्याच दिवशी बसवले होते.

त्याच रात्री त्याने स्वतःच्या सायकलीसाठी मडगार्डचा जोड मागवला. हलका, पट्ट्याने अडकवायचा, पाहिजे तेव्हा काढता येणारा. तो सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घरी आला. त्याने खोकं उघडलं, दोन्ही पट्ट्या हातात तोलल्या आणि बाहेर बघितलं. लख्ख ऊन पडलं होतं.

"आता पुढच्या वर्षी बसवू," म्हणाला.

खोकं माळ्यावर आहे, दिवाळीच्या आकाशकंदिलाशेजारी.