सार्कॉइडोसिस, कॅन्सर आणि गाठीचा तुकडा

सार्कॉइडोसिस माझ्या फुफ्फुसांत आणि छातीतल्या लसिकाग्रंथींत ठाण मांडून आहे. प्रतिकारशक्तीच्या पेशी कुठल्याशा अनोळखी कारणाने एकत्र येतात, ग्रॅन्युलोमा नावाचे सूक्ष्म पुंजके बांधतात आणि त्यातून गाठी वाढतात. हा कॅन्सर नाही. तरी हा आजार असलेल्याच्या मनातून कॅन्सर जात नाही, कारण दोघांची रूपं फार जवळची. पेट स्कॅनसाठी शिरेतून दिलेली किरणोत्सारी साखर ज्या पेशी भराभर वापरतात त्या चित्रात उजळतात. कॅन्सरच्या पेशी उजळतात, तशा ग्रॅन्युलोमाच्याही. रिपोर्टची वाट पाहताना होणारी धाकधूक मला चांगलीच ठाऊक आहे आणि ती उगाचची आहे असं मी म्हणणार नाही. पण या आजाराचा पुढे कॅन्सर होईल, या शक्यतेपेक्षा एकाला दुसरं समजलं जाण्याचा धोका मला जास्त गंभीर वाटतो.

भीतीला मोठा आधार मिळाला तो १९७४ साली. ब्रिंकर आणि विल्बेक यांनी डेन्मार्कमधल्या फुफ्फुसाचा सार्कॉइडोसिस असलेल्या २,५४४ रुग्णांचा मागोवा घेतला. लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कॅन्सर, अपेक्षेच्या ११ पट आणि फुफ्फुसाचा कॅन्सर ३ पट आढळला, असं त्यांनी लिहिलं. ११ पट वाचून कुणाचीही झोप उडेल. पण लिम्फोमा मुळात विरळा. अपेक्षित रुग्णच इतके थोडे, की मोजक्या रुग्णांनीही पट फुगते. पुढे १९९८ मध्ये डेन्मार्कमधल्याच ५५५ रुग्णांच्या दीर्घ पाठपुराव्यात असा वाढीव धोका दिसला नाही. २०१५ साली १६ अभ्यास आणि २५,००० हून जास्त रुग्ण एकत्र घेऊन हिशेब मांडला गेला, तेव्हा एकूण कॅन्सरचा धोका सुमारे १.१९ पट निघाला. म्हणजे जिथे १०० जणांना कॅन्सर होणं अपेक्षित होतं तिथे ११९ जणांना. त्या वरच्या १९ मध्येही वारंवार स्कॅन होत असल्यामुळे लवकर सापडलेले काही असणार, आणि पहिल्यापासून कॅन्सरच होता पण नाव सार्कॉइडोसिसचं लागलं, असेही काही असणार. यावर कुणी म्हणेल, वर्षानुवर्षांची सूज कॅन्सरला जन्म देते हे हिपॅटायटिसमुळे होणाऱ्या यकृताच्या कॅन्सरवरून सिद्धच आहे. बरोबर आहे. २०१५ च्या हिशेबात रक्ताच्या आणि त्वचेच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं दिसतं, म्हणून मी धोका शून्य मानत नाही. तो लहान आहे, एवढंच.

या नात्याची उलटी बाजू मात्र आपल्याकडे फार कमी बोलली जाते. कॅन्सर स्वतःच ग्रॅन्युलोमा उभे करू शकतो. ब्रिंकर यांनीच १९८६ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार कार्सिनोमाच्या (अवयवांच्या अस्तरातून वाढणाऱ्या कॅन्सरच्या) ४.४ टक्के रुग्णांत, हॉजकिनेतर लिम्फोमाच्या ७.३ टक्के आणि हॉजकिन लिम्फोमाच्या तब्बल १३.८ टक्के रुग्णांत अशी प्रतिक्रिया आढळते. इम्युनोथेरपीच्या औषधांनीही, म्हणजे निवोलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅबने, हुबेहूब सार्कॉइडोसिससारख्या गाठी येतात. याचे परिणाम दोन्ही दिशांनी होतात. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपवून बसलेल्या बाईच्या छातीत गाठी उजळल्या, तर केवळ चित्रावरून ‘पसरला’ असं ठरवून तिला नको असलेली केमोथेरपी दिली जाऊ शकते. दुसरीकडे, तपासणीसाठी काढलेल्या गाठीच्या तुकड्यात ग्रॅन्युलोमा दिसले की सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि शेजारीच असलेला लिम्फोमा नजरेतून निसटतो. म्हणून तुकडा काढलाच पाहिजे, असं मी आग्रहाने म्हणतो तेव्हा तो काढला की प्रश्न मिटला, असं माझं म्हणणं नसतं.

आपल्याकडे यात टीबीची भर पडते. ग्रॅन्युलोमा टीबीतही होतात आणि महाराष्ट्रात डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव तेच येतं, यात गैर काही नाही. गैर आहे ते जंतूंची तपासणी न करता महिनोन्‌महिने टीबीची औषधं चालू ठेवणं. घरोघरी ऐकू येणारा आणखी एक आक्षेप असा, की गाठीला सुई लागली की कॅन्सर पसरतो. अंडाशयासारख्या काही मोजक्या ठिकाणच्या गाठींना सुई लावायला डॉक्टर स्वतःच कचरतात, हे खरं. पण श्वासनलिकेतून दुर्बीण घालून, सोनोग्राफीच्या आधाराने छातीतल्या ग्रंथींचा नमुना घेणं ही आज नेहमीची तपासणी आहे, आणि या भीतीपोटी ती टाळून मिळतो तो फक्त उशीर. धोका आहे तो घाईने सुरू केलेल्या स्टेरॉइडचा. स्टेरॉइडने सार्कॉइडोसिस ओसरतो तसा लिम्फोमाही काही काळ आकसतो, आणि मग नमुन्यात काहीच धड दिसत नाही.

सार्कॉइडोसिसमध्ये छातीच्या दोन्ही बाजूंच्या ग्रंथी बहुधा सारख्या वाढतात. म्हणून एकाच बाजूची गाठ वाढत असेल, वजन उतरत असेल, रात्री दरदरून घाम येत असेल किंवा उपचारांना गाठ दाद देत नसेल, तर सुईने निघालेल्या थोड्याशा पेशींवर समाधान मानू नये. शक्य असेल तिथे अख्खी ग्रंथी काढून लिम्फोमा ओळखण्यात मुरलेल्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवावी, पूर्वीच्या नमुन्यांच्या काचाही सोबत द्याव्यात, आणि जिवाला तातडीचा धोका नसेल तर स्टेरॉइडची पहिली गोळी त्यानंतरच घ्यावी.